नरसप्पाला काढा

नऊ सामने, नऊ पराभव.
खरं तर आठ. एक बरोबरीत सुटला,
कारण कुर्डुवाडीवाले सातच जण घेऊन आले होते.
सात जणांशी बरोबरी!
ही गोष्ट हलकुडेमामा टपरीवर काढू देत नाहीत,
म्हणतात, दूध नासतं.

तरी आम्ही जमतोच. रविवारी, ऊन उतरल्यावर,
कन्ना चौकाच्या अलीकडे,
न्यू पाच्छा पेठ हॉकी संघाचे उरलेले तेवीस जण.
अंगावर मागाचा पिंजलेला कापूस,
तोंडात मराठी, तेलुगू, कानडी, दखनी,
आणि चारही भाषांत एकच नाव:
नरसप्पा म्याकल, कप्तान.

"शॉर्ट कॉर्नर घेता येईना त्याला,
अन् कप्तान म्हणालालास काय बे?"
"पोरांवर ओरडतच नाही तो."
"ओरडला असता तर म्हणला असतास, लै ओरडालालाय."
गोलकीपरचे अब्बा, बशीर नदाफ, ग्लास आपटतात:
"माझा तौफिक एकटा किती अडवेल?
समोरचे धावून येतात
आणि आपले उभे, लग्नात फोटोला उभे राहिल्यासारखे."

डॅनियल सर, रेल्वेतून निवृत्त,
बाकड्यावर शेंगदाणे मांडून डाव समजावतात.
हे पाच पुढे, हे तिघे मध्ये, हा मागे.
बोलता बोलता सगळी आघाडी खाऊन टाकतात
आणि मग म्हणतात, बघा, इथेच आपली अडचण आहे.

एकोणऐंशीची फायनल इथल्या प्रत्येकाने पाहिली आहे.
पायऱ्यांवर जागा होती पन्नास जणांची,
पाहणारे भेटले मला आजवर चारशे.
माझा जन्म ब्याऐंशीचा.
मीही पाहिली आहे.

शेवटी ठरलं, अर्ज द्यायचा.
टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो,
अक्षर बरं, म्हणून काम माझ्याकडे.
"माननीय अध्यक्ष, आम्ही खाली सह्या करणारे..."
तीन मुद्दे घातले. चौथा सरांनी सांगितला, कुणालाच कळला नाही,
म्हणून तोही घातला.
बावीस सह्या, एक अंगठा.

एवढ्यात सायकल थांबली.
मागे दोरीने बांधलेल्या स्टिका,
मुठींना टॉवेलची किनार गुंडाळलेली,
ती पट्टी आमच्याच कारखान्यातली, मी ओळखली.
नरसप्पा. चहा सांगितला. म्हणाला,
"कागद दाखव की."

हलकुडेमामांनी उगाच स्टोव्हला पंप मारला.
तो सगळं वाचत गेला, बोट ठेवून,
पहाटेपासून माग चालवलेलं, काळं पडलेलं बोट.
तिसऱ्या मुद्द्यावर थांबला.
"हे बरोबर आहे," म्हणाला.
मग खिशातलं पेन काढून
माझं एक चूक दुरुस्त केलं:
"मॅकल नाही, म्याकल."
आणि चोविसाव्या जागेवर सही केली.
स्वच्छ, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"आता सांगा," तो म्हणाला, "कोण?"

मी इतकी शांतता ह्या चौकात
फक्त वीज गेल्यावर ऐकली आहे,
सगळे माग एकदम थांबतात तेव्हा.
बशीरभाईंनी ग्लासात पाहिलं.
सरांनी शेंगदाणे पुन्हा मांडले, खाल्ले नाहीत.
कुणीतरी म्हणालं, पुढच्या वेळी बघू.
"पुढच्या वेळी बार्शी आहे," नरसप्पा म्हणाला,
"सकाळी सातला. मुरूम निघालाय मैदानाचा,
चेंडू उसळतो. झाडायला दोघं-तिघं आले तर बरं."
चहाचे पैसे त्यानेच दिले. सगळ्यांचे.
हे मात्र आम्हाला लागलं.

अर्ज माझ्या खणात आहे,
सुताच्या बिलांखाली.
अध्यक्षांना द्यायचा की नाही, ठरत नाही;
त्यात आता कप्तानाचीही सही आहे,
फेकणं बरं दिसत नाही.

आज रविवार. सव्वासहा.
खराटा घेऊन निघालोय.
हरू बहुतेक. बार्शीवाले अकरा येणार म्हणतात.
पण शॉर्ट कॉर्नर मिळालाच
तर तो स्वतः मारतो की दुसऱ्याला देतो,
एवढं मला पायऱ्यांवर बसून बघायचं आहे.